पेटीच्या तळचा पेपर

शेवटचा प्रयत्नही हुकल्याचं सुगतनं घरी अजून सांगितलं नव्हतं. पुण्याहून परत आणलेली पत्र्याची पेटी तो तिवशाच्या घरी, ओसरीत उपसत बसला होता. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं संपली आणि तळाशी अंथरलेला अठरा वर्षांपूर्वीचा पेपर लागला. सुगत पुण्याला निघाला तेव्हा बाबांनीच तो घातला होता.

"वाच बरं, काय लिहेल हाय त्यात," धर्मपालबाबा खाटेवरून म्हणाले. त्यांना आता अक्षर दिसत नव्हतं.

सुगत वाचू लागला. लोडशेडिंग वर्षभरात हद्दपार होणार. बसस्टँडचा कायापालट होणार. संत्र्याचा कारखाना लवकरच सुरू होणार. पुढच्या उन्हाळ्यात टँकर लागणार नाही. एकेका मथळ्यावर बापलेक पोट धरून हसले.

"एकाच दिवशी इतकं होनार होतं, अन् आपल्याले खबरच नाई," बाबा म्हणाले. "पलट पान."

सुगतनं पान उलटलं. त्याचं हसू तिथंच विरलं. पेढा खातानाचा त्याचाच फोटो होता.

"थांबला कावून?"

"बारावीत तालुक्यात पहिला," त्यानं कसंबसं वाचलं. "मजुराचा सुगत कलेक्टर होणार."

बाबांनी पुस्तकांच्या ढिगाकडे पाहिलं, मग तळापर्यंत रिकाम्या झालेल्या पेटीकडे. आणि या बातमीवर ते सगळ्यांत मोठ्यानं हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"पेपरवाल्याचं काय मनावर घेतं तू," डोळे पुसत ते म्हणाले. "चाल, जेवून घे."