एक्याण्णवच्या रांगा

"काकूंना यंदा राहू दे," सलिल हळू आवाजात म्हणाला. पण त्याचा हळू आवाजही मैदानाच्या गेटपर्यंत जायचा.

ऐश्वर्याच्या हातातली लेझीम थांबली. काकू म्हणजे तिच्या सासूबाई, प्रमोदिनी. डोंबिवलीच्या पाडव्याच्या शोभायात्रेत हे लेझीम पथक निघायला लागलं, तेव्हापासून त्या त्यात होत्या. सासरे गेल्यावर त्यांनी घराबाहेर पाऊल टाकणंच सोडलं होतं. या सरावाने त्यांना पुन्हा जिना उतरायला लावलं होतं. आता घरी बसवलं तर त्या परत उठायच्या नाहीत, हे ऐश्वर्याला पक्कं ठाऊक होतं.

"गुडघा साथ देत नाही त्यांचा," सलिल म्हणाला. वागळे इस्टेटमध्ये मशीनचे आराखडे काढणाऱ्या या माणसाकडे यंदा पथकाची सूत्रं होती, आणि रेषेबाहेर गेलेलं काहीही त्याला खपत नसे. "ड्रोनने शूटिंग आहे. एक पाय मागे पडला तरी वरून दिसतो. आपण ब्याण्णव आहोत, त्या नसल्या तर एक्याण्णव. काय फरक पडतो?"

"पडतो," नीरजाताई म्हणाल्या.

नीरजाताई ठाण्याच्या एका शाळेत गणित शिकवायच्या आणि पथकाची शिट्टी सांभाळायच्या. त्या सासूबाईंच्या चाळीत वाढलेल्या. त्या चाळीतली निम्मी पोरं सासूबाईंच्याच ओट्यावर बसून पाढे शिकली होती. स्टँडवरच्या रिक्षांचे नंबर बघून 'ही मूळ संख्या, त्या पलीकडचीला सतराने भाग जातो' असं नीरजाताई चालता चालता सांगायच्या. ऐश्वर्याने दोनदा मोबाइलवर तपासलं. तिसऱ्यांदा तपासायची तिला लाज वाटली. असं डोकं देव एखाद्यालाच देतो, असं तिचं ठाम मत होतं.

"एक्याण्णवच्या सारख्या रांगा करून दाखव मला," नीरजाताई म्हणाल्या. "दोनने भाग जात नाही. नऊ नि एक दहा, म्हणजे तीननेही नाही. शेवटी पाच नाही, शून्य नाही. मूळ संख्या आहे रे. कशीही मांड, शेवटची रांग तुटकीच राहणार. ते नाही दिसणार तुझ्या ड्रोनला?"

सलिलने डोकं खाजवलं. "मग अजून एक कमी करू. नव्वद."

"करू ना. कुणाला काढायचं ते तू ठरव, आणि तिच्या घरी जाऊन सांगायचंही तूच."

सलिलने मैदानावरच्या बायकांकडे एकवार पाहिलं आणि तो विचार तिथेच सोडला.

"प्रमोदिनीमावशी असल्या की ब्याण्णव," नीरजाताई म्हणाल्या. "चार-चारच्या तेवीस रांगा, सुतासारख्या सरळ. त्यांना मधे घेऊ, म्हणजे पाय कुणाला दिसतोय?"

गणितापुढे कुणाचं काय चालणार. सलिलने मान डोलावली. बाकावर गुडघ्याला बाम चोळत बसलेल्या सासूबाईंनी नीरजाताईंकडे टक लावून पाहिलं, आणि पदराने लेझीम पुसली.

ऐश्वर्याचा जीव भांड्यात पडला. आकड्यांना दयामाया नसते म्हणतात. पण आज आकडेच सासूबाईंच्या मदतीला धावून आले होते, आणि ते बरोबर ओळखणाऱ्या नीरजाताईंना मनातल्या मनात तिने हात जोडले.

पाडव्याच्या सकाळी फडके रोड रांगोळ्यांनी भरून गेला होता. सासूबाई नऊवारी नेसून मधल्या रांगेत, ऐश्वर्याच्या शेजारी. गणपती मंदिर जवळ आलं तसा गुडघा कुरकुरायला लागला. अशा वेळी त्या पावलागणिक पाढा म्हणत. घरचा जिनाही त्या तसाच चढायच्या.

आज तेराचा पाढा निघाला होता. "तेरा पाचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर," त्या पुटपुटल्या. लेझीम खाली, लेझीम वर. "तेरा आठे एकशे चार."

"आई, तेरा साते राहिलं," ऐश्वर्या म्हणाली.

पुढे शिट्टी वाजवत चाललेल्या नीरजाताईंच्या पाठीकडे बघून सासूबाई हसल्या. "ते आज म्हणायचं नाही. सगळ्या पाढ्यात तेवढंच अडायचं पोरीचं. ओट्यावर बसवून महिनाभर घोकून घेतलंय तिच्याकडून."

ऐश्वर्याने पुढचं पाऊल टाकलं आणि ते मनातल्या मनात म्हटलं. तेरा साते एक्याण्णव.