तोमासा हसते तो तुकडा

आठवं रीळ संपलं, रीळ बदलायला थिएटरातले दिवे लागले आणि व्हेराक्रूझच्या बायकांनी ओले रुमाल उलटे करून घेतले. नायिका गाता गाता मेली होती. शेवटच्या रिळात तिची अंत्ययात्रा होती, म्हणजे खरं रडणं अजून पुढेच होतं.

"आज जरा निवांत रडता येईल," डोन्या एर्मिलिया शेजारणीला म्हणाल्या. "शवपेटी जाताना ती गावंढळ बाई दात काढते ना, तिला कापून टाकायला सांगितलंय मी मालकाला. दोनदा तिकीट काढलं, दोन्ही वेळा मेलीनं रडण्यात मिठाचा खडा टाकला."

त्यांच्या मागे बसलेला म्हातारा नावाडी, क्रिसोफोरो, ताडकन उठला. तीन दिवस तो रोज हा सिनेमा बघत होता आणि आजचा खेळ शेवटचा होता. धापा टाकत तो जिना चढून यंत्राच्या खोलीत पोचला. यंत्र चालवणारा एलादियो फिल्म दिव्यासमोर धरून तोच तुकडा शोधत होता. दुसऱ्या हातात कात्री होती.

"कापू नका. माझी बायको आहे ती."

"बायको? मग घरी जाऊन बघा की, आजोबा."

"ईस्टरच्या आधी गेली."

एलादियोनं कात्री खाली घेतली. "फोटो असेल ना एखादा?"

"एक आहे, लग्नातला. त्यात पाद्र्याकडे बघतेय. घाबरून."

"पण अंत्ययात्रेत हसायचं कशाला म्हणतो मी?"

"चूक माझी. आमच्या गावात शूटिंग होतं, मला कॅमेऱ्याशेजारी गर्दी अडवायचा दोर धरून उभं केलेलं. पेटी समोर आली, मी हॅट काढली. दुपारी खायचा तमाल, मक्याच्या पिठाचा उंडा, हॅटमध्ये ठेवलाय हे ध्यानातच राहिलं नाही. केळीच्या पानासकट घरंगळत डायरेक्टरच्या बुटावर."

"अहो, पण पेटी रिकामी होती."

"पेटी ती पेटी," क्रिसोफोरो म्हणाला. "हॅट काढायला नको?"

खाली पाय आपटणं सुरू झालं होतं. "काकारो, झोपलास का रे?" यंत्रावरच्या माणसाला सगळं शहर याच नावानं शिव्या घालतं. एलादियोनं कात्री खिशात टाकली आणि रीळ यंत्रावर चढवलं.

"उद्या हे दुसऱ्या गावी जाणार. तिथल्यानं कापलं तर माझा इलाज नाही."

"कुठल्या गावी?" क्रिसोफोरोनं विचारलं. "होडी आहे माझ्याकडे."

दिवे गेले. बँड वाजला, पेटी आली आणि खाली हुंदके सुरू झाले. यंत्राशेजारच्या झरोक्याला क्रिसोफोरो चिकटून उभा राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात, एका दाराशी, तोंडावर शालीचं टोक धरून तोमासा उभी होती. पेटी पुढे गेली. तिनं मान वळवली, हातातून शाल सुटली आणि ती हसली, खांदे गदगदा हलवत, पुढच्या पडलेल्या दाताची फट दाखवत. कॅमेऱ्याकडे नाही, किंचित त्याच्या बाजूला बघून. त्या दिवशी क्रिसोफोरो तिथंच उभा होता. आणखी एकदा, एकदाच, तिला असं हसवता यावं असं त्याला फार वाटलं.

खाली एकच गदारोळ उडाला. शिट्ट्या झाल्या, काकारोच्या आईचा उद्धार झाला. डोन्या एर्मिलिया उभ्या राहून वरच्या झरोक्याकडे हात नाचवू लागल्या.

"परत हसली. अरे, आहे तरी कुणाची ही बाई?"

"माझी," क्रिसोफोरो वरून म्हणाला, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं. "माझी आहे."