हमिंगबर्ड भारतात नसतो

मैत्रेयी: आज बागेत हमिंगबर्ड आला होता.

फोटो टाकून तिनं मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला आणि चहा गाळायला घेतला. गटातल्या चार-पाच जणांनी हसरे चेहरे पाठवले. ते तिनं उघडूनही पाहिले नाहीत. तिला एकाच माणसाचं उत्तर हवं होतं.

प्रतापराव: हमिंगबर्ड भारतात नसतो. हा जांभळा शिंजीर. नर.

"आलं?" तिच्या नवऱ्यानं, दयानंदनं, बूट चढवता चढवता विचारलं.

"आलं."

तो पीण्यातल्या कारखान्याच्या बसला निघून गेला. याहून जास्त तो कधी विचारत नसे.

पाखरांचा हा मराठी गट शेजारच्या सुप्रीताच्या आतेभावाचा. मैत्रेयीनंच तिच्या मागे लागून त्यात नाव घालून घेतलं होतं. सुप्रीता मूळची निपाणीची. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"फोटो एवढा झकास आणि नाव दरवेळी चुकीचं," कुंपणावर कोपर टेकून ती म्हणाली. "तुझं कसं गं व्हायचं, अक्का?"

"शिकतेय ना."

"शिकतेस कसली. त्या प्रतापरावांनी कान धरावा म्हणून करतेस. बाकीच्यांना नमस्कार, वा, छान. तुला मात्र हा अमुक, तो तमुक. नाव घ्यायलासुद्धा जड जातं त्या माणसाला."

मैत्रेयी फुटक्या निळ्या बादलीतल्या पुदिन्याला पाणी घालत राहिली. गळ्यातली जुनी दुर्बीण छातीवर उंच लटकत होती.

"पट्ट्याची ती गाठ तरी सोड. लहान पोरीच्या मापाचा झालाय."

"राहू दे."

रस्त्यावर गुलाबी फुलांचा खच पडला होता. मागं शेवग्यावर टुक-टुक सुरू झालं. मान न वळवता ती ऐकत राहिली.

मैत्रेयी: हा धोबी ना?

प्रतापराव: धोब्याची शेपटी खाली-वर हलते. याची उभी आहे. दयाळ.

एवढंच उत्तर. दिवसभरात तिनं ते कितीदा तरी वाचलं.

मग उत्तरं थांबली.

मैत्रेयी: ही घार.

भारद्वाज होता. काही नाही.

मैत्रेयी: कोकीळ सापडला.

कावळा होता. सगळा गट हसला, सगळ्यांनी दुरुस्त केलं. प्रतापरावांनी नाही.

"वय झालेलं माणूस," सुप्रीता म्हणाली. "आजारी-बिजारी असतील. स्वल्प धीर धर. आतेभावाला फोन करून विचारायला लावू का?"

"नको."

"का गं?"

"कोण विचारतंय म्हणून सांगणार?"

दयानंदनंही "आलं?" विचारणं सोडून दिलं. रविवारी तर उजाडताच "मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर जाऊन येतो" म्हणाला आणि गाडी काढली. मैत्रेयी मागच्या दाराच्या पायरीवर बसून राहिली. करंजाच्या कोवळ्या पालवीत बुलबुल भांडत होते, शिंपी ओरडत होता. तिनं एकही फोटो काढला नाही.

ऊन शेवग्याच्या शेंड्यावर आलं तेव्हा मोबाइल वाजला.

प्रतापराव: पोपट.

खाली फोटो. हिरवं, गुटगुटीत पाखरू, जाड चोच, चोचीपाशी मिशा, कपाळावर लाल ठिपका. नवशिक्यालाही ओळखू यावं असं.

"बघितलंस का?" कुंपणापलीकडून सुप्रीता हातातला मोबाइल नाचवत म्हणाली. "तुझ्या प्रतापरावांचा चष्मा बदलायला झाला."

मैत्रेयीनं फोटो मोठा केला. फांदी शेवग्याची होती. मागं, धूसर, फुटकी निळी बादली आणि तिच्यात पुदिना.

ती उठून फाटकाशी गेली.

फाटकाबाहेर गाडी उभी होती. दयानंद डिकीतून बॅग काढत होता, मुद्दाम सावकाश. त्याच्या अलीकडे मोबाइल धरून उभे असलेले म्हातारे गृहस्थ तिच्याकडे बघत नव्हते, शेवग्याकडे बघत होते. मग त्यांची नजर खाली आली आणि दुर्बिणीच्या पट्ट्यावरच्या गाठीशी थांबली.

"चुकलं का नाव?" त्यांनी विचारलं.

तिला कडी लवकर सापडेना.

"बाबा," ती म्हणाली, "तांबट आहे तो."