श्वास सोडायची खूण

मोतीबिंदूचं ऑपरेशन रक्तदाबापायी दोनदा पुढे ढकललेलं. आज तिसऱ्यांदाही दाब चढलेलाच. “आजोबा, दीर्घ श्वास घ्या,” नर्स म्हणाली. जन्मभर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेल्या आजोबांनी छातीभर श्वास घेतला आणि सवयीने रोखून धरला. “बँडमास्तरांचा हात खाली आल्याशिवाय हे सोडायचे नाहीत,” म्हणत आजीने नर्सच्या खिशातलं पेन उपसलं, उंच धरलं आणि अलगद खाली आणलं. आजोबांच्या मिटल्या ओठांतून संथ धून निघाली. पेन वर, श्वास आत. पेन खाली, धून बाहेर. पाचव्या ओळीला दाबाच्या यंत्राकडे पाहत नर्सने टाळी वाजवली. “उतरला! चला आत!” आजोबा उठेनात. “कार्यक्रमात पहिल्या रांगेत झोपायचीस तू. मग माझा श्वास पाठ कसा?” “झोपतेय कसली! डोळे मिटून त्या गोंगाटात तुमचं क्लॅरिनेट शोधायचे.” आजोबा लाजले. आजी नर्सला म्हणाली, “आता परत मोजू नकोस गं!”