दुसरा कॅमेरा

कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या करुणाला कोपऱ्यात एक बारीक खूण लुकलुकताना दिसली. दोन दिवसांच्या शिकवणीत ही खूण कुणी सांगितली नव्हती. तिने हात न हलवता शेजारी उभ्या रश्मीताईंना विचारलं.

"काही नाही गं. तू थांबू नकोस," असं म्हणून रश्मीताई अंगणाच्या टोकाला, दुसऱ्या कॅमेऱ्याकडे निघून गेल्या.

पुण्याहून आलेल्या रश्मीताईंचा माहितीपट सिनेमा करण्यावरच होता. आजवर कॅमेऱ्यामागे कोण उभं राहिलं आणि कोण कायम समोरच बसलं, हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणून कन्हेरी गावच्या बौद्ध वस्तीतल्या या प्राथमिक शिक्षिकेच्या हाती त्यांनी एक कॅमेरा दिला होता, आणि ती चित्रण करताना कशी दिसते याचं चित्रण दुसरा कॅमेरा करत होता.

समोर ओट्यावर करुणाची आई, केसरबाई, बसली होती. तीन दिवस तिने रश्मीताईंना चहा पाजला होता आणि विचारलं त्यातलं काही सांगितलं नव्हतं. आज सकाळी मात्र लेकीला म्हणाली होती, तू धरणार असशील तर बोलते, पण एकदाच.

आता ती बोलत होती. छप्पन साली वस्तीने घरोघरचे देव कालव्यात सोडले, तेव्हा ती बारा वर्षांची होती.

"समद्यांनी सोडलं. म्या बी सोडलं म्हनून सांगितलं. पर आईच्या देवाचा एक टाक परकरात दडवला हुता."

चाळीस वर्षांत घरात हे कुणी ऐकलं नव्हतं. केसरबाई पुढे बोलत राहिली, हळू आवाजात, जमिनीकडे बघत. पण करुणाला आईचा चेहरा चौकटीबाहेर जाऊ द्यायचा नव्हता, कपाळावर आलेलं ऊन सांभाळायचं होतं, शिवाय ती खूण. पुढचं कानावर आलं ते तुटक तुटक. नंतर कॅसेट लावून निवांत ऐकू, असं तिने मनाशी धरलं.

बोलणं संपलं तशी केसरबाईने पदराने तोंड पुसलं आणि ती शेळीला पाला टाकायला गेली.

दुपारी करुणाने कॅसेट मागितली. रश्मीताई जरा अवघडल्या. करुणाच्या कॅमेऱ्यात कॅसेट नव्हती; लुकलुकणारी खूण त्याचीच होती. तो बिघडलेलाच होता, हातात दिसावा म्हणून आणलेला. त्यांनी समजुतीने सांगितलं, की करुणासारखी बाई कॅमेऱ्यामागे उभी आहे, हे लोकांनी बघणंच फार मोठं आहे.

वर्गात पोरांनी कितीही उच्छाद मांडला तरी करुणाचा आवाज चढत नसे. आताही चढला नाही.

"तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं ताई. मी नुसतं ऐकलं असतं."

रश्मीताईंना वाईट वाटलं. उद्या खरा कॅमेरा देते, आपण पुन्हा घेऊ, असं त्या म्हणाल्या.

"न्हाय," दारातून केसरबाई म्हणाली. "माजं सांगून झालंय."

निदान मुख्य चित्रण तरी बघा, म्हणून रश्मीताईंनी घरातल्या टीव्हीला यंत्र जोडलं. पडद्यावर करुणा दिसली. कॅमेरा पेलणारी, ताठ, खरंच सुरेख. तिच्या खांद्यापलीकडे, धुरकट, केसरबाईचे ओठ हलत होते. माईक होता रश्मीताईंच्या गळ्याशी. "इथली माणसं आता आपली गोष्ट स्वतः सांगत आहेत," त्या सांगत होत्या.

केसरबाई पुढे सरकून बसली. बराच वेळ स्वतःच्या ओठांकडे बघत राहिली.

"माजं बोलनं कुठं हाय?" तिने विचारलं.

करुणा उठली आणि तिने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. रश्मीताईंचा आवाज तेवढा घरभर झाला.