आईचं टेन्शन

सरजाबाईंच्या बोलण्यात टेन्शन हा शब्द कुठंही यायचा. नळाला पाणी नाही, टेन्शन. वरणात मीठ जास्त पडलं, टेन्शन. कॉलेजात फिजिक्स शिकवणारी त्यांची लेक लुंबिनी वैतागून म्हणायची, "आई, तुझ्या टेन्शनला काही अर्थच न्हाई बघ."

"तुला कळंना, त्याला मी काय करू?" सरजाबाई म्हणायच्या.

मग अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. लुंबिनी नांदेडच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून राहिली. एका दुपारी डॉक्टर तपासत असतानाच सरजाबाईंचे ओठ हलले.

"टेन... टेन्शन."

लुंबिनीचे डोळे भरून आले. डॉक्टर मात्र जपून म्हणाले, "मॅडम, कधीकधी एखादा शब्द नुसता सवयीनं बाहेर पडतो. समजून बोलतायत का, ते बघावं लागेल."

"टेन्शन!" सरजाबाई पुन्हा म्हणाल्या, या वेळी जरा रागानंच.

त्या कुठं बघतायत ते लुंबिनीनं वळून पाहिलं. खिडकीत तिचा जेवणाचा डबा होता, सकाळपासून न उघडलेला. तिनं उभ्याउभ्याच डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा तोंडात घातला. सरजाबाईंच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी शांतपणे डोळे मिटून घेतले.

"अर्थ हाय, डॉक्टर," लुंबिनी भरल्या तोंडानं म्हणाली. "लई अर्थ हाय."