खालची लाइन

रुद्रप्पानं टाकीखालच्या पाइपच्या लाइनीत डिझेल भरलं आणि व्हॉल्व्ह घट्ट बंद केला. भिजू दे. डिझेलनं गाळ सुटतो, मग सोड्याच्या गरम पाण्यानं डिझेल निघून जातं. बाकीच्या लाइनी अशाच धुऊन झाल्या होत्या. आता ही एकच.

चिंचोळी एमआयडीसीतल्या या रिफायनरीत गॅरेजांतलं जळकं ऑइल येई, शुद्ध होऊन जाई. मग गुजरातेत कितीतरी मोठा प्लँट उभा राहिला. तिकडचं ऑइल स्वस्त पडू लागलं. इकडची भट्टी विझली. सगळे गेले.

ऑपरेटर रुद्रप्पा गेला नाही. पाइपांत गाळ थिजला की प्लँट कायमचा गेला. पाइप मोकळे राहिले तर कुणीतरी विकत घेईल, भट्टी पेटवेल, त्याला बोलावेल.

पगार? नाही.

"घरातली भांडी कदी घासली न्हाईत एवढी," बायको काशम्मा सकाळी डबा देताना म्हणाली.

"ती कुटं बंद पडल्यात?"

आज गिऱ्हाईक येणार होतं. गेटातून टेम्पो आला. अझरुद्दीन उतरला, मागून त्याचा माणूस गौस.

"मामा, समदं धुऊन ठिवलंय म्हणं. लई भारी."

"भट्टी कवा पेटवायची?"

गौसनं सिलिंडर उतरवले. नळ्या. मग गॅस कटर.

"भंगारात घेतलंय, मामा," अझरुद्दीन हळूच म्हणाला. "मालक बोलला न्हाई व्हय?"

रुद्रप्पानं हात पुसायचं फडकं खाली ठेवलं नाही. हातातच राहिलं. तो गेटाकडे चालू लागला.

मागं फुस्स झालं. कटर पेटला होता. रुद्रप्पानं वळून पाहिलं. गौस टाकीखाली वाकत होता.

"विझव! विझव ते!"

तो धावत आला आणि लाइनीपुढं आडवा उभा राहिला. ज्योत त्याच्या पोटापासून हातभर लांब. गौसनं घाबरून कटर बंद केला.

"असं किती दिवस अडवनार, मामा?" अझरुद्दीन वैतागला.

"अडवत न्हाई. आत डिझेल भरलंय. पेटला असता ह्यो."

रुद्रप्पानं शर्ट काढून खांबाला अडकवला आणि पाणी तापवायला घेतलं.

"दुपारपत्तर थांबा. एवढी धुऊन देतो, मग कापा."

"आन् बाकीच्या?" गौसनं विचारलं.

"त्या कापायला घे. त्या कवाच्या तयार हायत."